उताणं पातेलं

कसब्यातल्या आमच्या तांबट आळीत सकाळी शांतता असली की आई चूल फुंकता फुंकता विचारायची, "कोण गेलं गं?" कारण आळीत कुणाचं मयत असेल तरच हातोड्या थांबायच्या. एरवी उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ठणठण चालू. खाली आमचा कारखाना, म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्यापुढे फरशीचं अंगण, आणि वर शिडीसारख्या जिन्यानं गेलं की दोन खोल्यांत आम्ही चौघं: दादा, म्हणजे माझे वडील, आई, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान सुमन. तिला सुमन कुणीच म्हणायचं नाही. सुमी, सुमे, नाहीतर नुसतं "अगं एऽ". खालच्या ठोक्यांनी वरच्या फडताळातल्या कपबश्या दिवसभर किणकिणत असायच्या, आणि आम्ही सगळे बोलायचो ते ओरडून. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेले तेव्हा सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अहो, आम्हाला ऐकू येतं." तेव्हा मला कळलं की जगात लोक हळूही बोलतात.

जेवणाचं काय सांगू? भाकरी, आमटी, लसणाची चटणी, आणि ज्या दिवशी कल्हई असेल त्या दिवशी रताळी. नवं पातेलं असो की लोकांनी परत कल्हई करायला दिलेलं जुनं, आतून कथलाचा पांढरा थर चढवल्याशिवाय त्यात आंबट काही शिजवायचं नाही, हे तेव्हा घराघरांत ठाऊक होतं. ताक, चिंच, कोकम उघड्या तांब्याला लागलं की कळकतं, हिरवं कडू विष होतं. कल्हई करायला शेजारचे बाबूकाका यायचे. अंगणातल्या खड्ड्यात कोळसे पेटवायचे, भाता लावायचे, नवसागराचा पांढरा धूर नाकात झोंबायचा, आणि काम आटोपलं की उरलेल्या निखाऱ्यांत आम्ही रताळी पुरायचो. त्या रताळ्यांना नवसागराचा किंचित वास असायचा. आता कुणी खाऊ देणार नाही. मला अजून रताळं भाजलं की तो वास नसल्याची चुटपुट लागते.

आणि आमच्या घरात एक रीत होती. कल्हई झालेलं भांडं उपडं ठेवायचं आणि व्हायचं राहिलेलं उताणं, तोंड आभाळाकडे. दादांना लिहितावाचता बेताचंच येई, पण अंगणात एक नजर टाकली की त्यांना सगळा हिशेब कळायचा. उताणं म्हणजे काम बाकी. ही रीत मोडायची नाही, खेळतानासुद्धा नाही. पाळण्यातून उतरल्यापासून आम्हाला ती पाठ होती.

आता सुमीचं सांगते. ही पोरगी एका जागी बसायची नाही. जेवताना दोन घास खाऊन उठायची, खिडकीतून डोकवायची, परत येऊन दुसऱ्याच्या ताटावर बसायची. दर आठवड्याला पाटीवरची पेन्सिल हरवायची, एकदा तर पाटीच हरवून आली. आमटीत मीठ दोनदा नाहीतर एकदाही नाही. दूध उतू गेलं, मांजर प्यालं, वेणीचा एक पेड घालून दुसरा विसरला, सगळं सुमीच. आई म्हणायची, "हिचं डोकं म्हणजे एसटी स्टँड आहे, कुणी थांबतच नाही." आम्ही हसायचो, सुमीही हसायची. पण ती नुसती गंमत नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. एकदा पाढे पाठ होईनात म्हणून पाटीवर डोकं टेकून ती रडत होती. मी मोठेपणानं म्हटलं, "अगं, जरा नीट बस ना, होतं." तर म्हणाली, "अक्का, मी बसते गं. मला आतून कुणीतरी उठवतं."

हीच सुमी खाली कारखान्यात निराळी असायची. बाबूकाकांनी तिला भात्यावर बसवलं होतं. बसवलं कसलं, ती उभ्यानंच भाता ओढायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत, दोन-दोन तास. कंटाळा नाही, चूक नाही. आच कमी-जास्त झाली की काकांनी सांगायच्या आधी हिचा हात सैल नाहीतर घट्ट झालेला. आणि कान! एवढ्या गदारोळात मला एक सलग ठणठण ऐकू यायची, तिला त्यातली एकेक हातोडी वेगळी ऐकू यायची. "आज पलीकडच्या तात्यांचा खांदा दुखतोय," म्हणायची, आणि खरंच दुखत असायचा. तयार भांड्यावर बोटाची गाठ मारून म्हणायची, "दादा, ह्याला चीर आहे." दादांना दिसायची नाही, पाणी भरून ठेवलं की तासाभरानं थेंब यायचा. दादा मोजकं बोलणारे. पण एकदा बाबूकाकांना म्हणाले ते मी ऐकलं, "हा मुलगा असता तर मला चिंता नव्हती. नसला म्हणून काय, शिकवीन म्हणतो."

इथं जरा थांबते, कारण आठवणींच्या ह्या पुस्तकात हे सगळं मी आत्ता का लिहिते आहे ते सांगायला हवं. मी राहते माझ्या लेकीकडे, मीनलकडे, सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर. तिची मुलगी सई नववीत आहे. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की सईला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही. झालं, आमच्या जेवणाच्या टेबलाची संसद झाली. परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो म्हणे, त्यासाठी दाखला लागतो. मीनल म्हणाली, "काढायचा. तिला जे अवघड जातं ते खरंच अवघड जातं. चष्मा लावतो ना आपण?" जावईबापू म्हणाले, "चष्म्याच्या नंबराला कुणी अपंगत्व म्हणत नाही. तिचा ब्रेन वेगळा आहे, दॅट्स ऑल. दाखला काढला की जन्मभर शिक्का." सई कोशिंबिरीतले दाणे वेचत म्हणाली, "मी डिसेबल्ड नाहीये. मी डिफरंट आहे." मग दोन मिनिटांनी म्हणाली, "पण मग मला जमत का नाही?" मला विचारलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "शिक्का नको." मोठ्या तोंडानं सांगितलं. तर सई माझ्याकडे वळून म्हणाली, "आज्जी, तुझ्या लहानपणी होतं का गं कुणी असं?"

मी म्हटलं, "नाही."

एवढा एक शब्द. साठ वर्षांपूर्वी असंच एक वाक्य बोलले होते. ते आता सांगते.

सुमी चौथीत, मी सातवीत होते. शाळा एकच. मी शाळेची लाडकी. अक्षर मोत्यासारखं, वह्यांना कव्हरं, हजेरीत खाडा नाही. एका शनिवारी आमच्या बाईंनी सांगितलं, "उद्या सकाळी तुमच्याकडे येते. तुझ्या बहिणीबद्दल वडिलांशी बोलायचंय." मी घाबरले. सुमीसाठी नाही हो. बाई आमचं घर बघणार म्हणून! त्या दिवशी संध्याकाळी अंगणात सदाशिव पेठेतल्या एका घरची पाच जुनी पातेली कल्हईला आली होती, मुंजीच्या जेवणाची. चार झाली आणि बाबूकाकांचं कथील संपलं. "हे एक उद्या," म्हणाले. सुमीनं भाता सोडला, चार उपडी घातली, पाचवं उताणं ठेवलं आणि उड्या मारत रताळी शोधायला गेली. मी जिन्यात बसून बघत होते. मी बघितलं होतं, हे लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी मी लवकर उठून अंगण झाडलं. राख भरली, कोळसे कोपऱ्यात लोटले, फरशी पुसली. भांडी ओळीनं लावली, मोठ्यापासून लहानपर्यंत, प्रार्थनेला मुलं उभी राहतात तशी. सगळी कशी शिस्तीत, आणि मधलंच एक तोंड वर करून बसलेलं. डोळ्यांना खुपत होतं ते. बाई येतील तेवढ्यापुरतं, म्हणून मी ते उपडं घातलं. मनात म्हटलं, गेल्या की परत करीन. व्यवस्थितपणाचं वेड होतं मला, दुसरं काही नाही.

बाई आल्या. सुमी त्यांना बघताच मागच्या दारानं पळाली ती थेट नदीकडे. बाईंनी चहा घेतला, ओळीकडे बघून म्हणाल्या, "किती टापटीप!" आणि मग दादांना सांगितलं की धाकटी वर्गात बसत नाही, बसू देत नाही, तिच्या डोक्यात काही कमी आहे का ते एकदा दाखवून घ्या. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हिच्यासारखी का होत नाही ती?" मी फुलून गेले. त्यांना पोचवायला चौकापर्यंत गेले, येताना मैत्रीण भेटली, गप्पा मारल्या. तेवढ्यात मुंजीच्या घरचा माणूस हातगाडी घेऊन वेळेआधीच आला. दादांचं डोकं बाईंच्या बोलण्यानं फिरलेलं. त्यांनी पाच उपडी पातेली बघितली, एकावर एक रचून सुतळीनं बांधली आणि पाठवली. मी परतले तेव्हा अंगण रिकामं होतं. आणि खरं सांगते, मला काही म्हणजे काही आठवलं नाही.

मुंज मंगळवारी होती. बुधवारी सकाळी तोच माणूस तेच पातेलं आणि एक चिठ्ठी घेऊन दारात उभा. चिठ्ठी मीच वाचून दाखवली, कारण घरात वाचणारी मी. "पातेलं परत पाठवीत आहोत. ते केवळ शोभेसाठी आहे, हे आपण आधी कळवलं असतंत तर आम्ही त्यात मठ्ठा केला नसता." माणसानं पुढचं सांगितलं. पहाटे स्वयंपाक्यांनी ताक ओतून ठेवलं. कडांना जुनी कल्हई पांढरट होती, तळ मात्र उघडा, आणि ताक ओतल्यावर तळ कुणाला दिसतो? पहिल्या पंगतीला जिलबीबरोबर वाढला तेव्हा कळकलेला होता. मोठ्यांनी एक घोट घेऊन बाजूला ठेवला. दोन पोरांनी पेला रिकामा केला आणि दिवसभर ओकली. वाचली, पण पाहुण्यांसमोर बोभाटा झाला. चिठ्ठी वाचता वाचता माझी नजर पातेल्यावर गेली, आणि ते मी कसं धरलं, कसं पालथं केलं, फरशीवर कसा आवाज झाला, सगळं एका क्षणात आठवलं. पुढची ओळ वाचताना माझा आवाज जराही कापला नाही. वाचन छान होतं ना माझं!

दादांनी सुमीला बोलावलं. ओरडले नाहीत. "शनिवारी हे कुणी ठेवलं?"

"मी."

"कसं ठेवलंस?"

"उताणं," सुमी म्हणाली. लगेच म्हणाली, विचारसुद्धा न करता.

"नीट आठव."

आई म्हणाली, "परवा दुधावर झाकण ठेवलंय म्हणालीस आणि मांजरानं पातेलं चाटून ठेवलं. तेव्हाही असंच छातीठोक सांगत होतीस."

सुमी गोंधळली. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. एवढा विश्वास होता त्या बघण्यात! "अक्का, रविवारी तूच झाडलंस ना अंगण? उताणं होतं ना गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी नाही बघितलं."

सुमीचा अंगठा फरशीवर थांबला. मग खाली मान घालून म्हणाली, "मग मीच विसरले असेन."

दादांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलंय. ते म्हणाले, "उद्यापासून खाली यायचं नाही. पोरं मेली असती." बस. बाबूकाकांनी मध्ये पडून बघितलं, "अरे, पोर आहे, भात्यावर तिचा हात..." दादा म्हणाले, "हात आहे. डोकं नाही." बाई बोलून गेल्या होत्या तेच, फक्त आता घरातून.

त्यानंतर मी रोज ठरवायचे, आज सांगू. शाळेतून आले की सांगू. दिवाळी झाली की सांगू. खाली हातोड्या चालायच्या आणि वर सुमी जमिनीला कान लावून पालथी पडलेली असायची, बोटांनी फरशीवर तोच ठेका धरून. आई म्हणायची, "उठ गं, अंगात वारा भरेल." शाळेत ती सहावीत दोनदा बसली आणि मग तिला लोणी काळभोरला आत्याकडे पाठवलं, शेतावर मोकळी राहील म्हणून. तिथंच लग्न झालं. मी मॅट्रिक झाले, मग एका छापखान्यात प्रूफं वाचायला लागले. पुढचं सगळं शिक्षण त्या प्रुफांतूनच. माझ्या नजरेतून चूक सुटत नाही अशी माझी ख्याती होती. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतला.

दादा जाऊनही आता खूप वर्षं झाली. शेवटपर्यंत सुमीनं आणलेला डबा उघडताना ते आधी आत डोकावून बघायचे.

तर सईला "नाही" म्हटलं त्यानंतर मला अन्न गोड लागेना. आठ दिवसांनी तिला म्हटलं, "चल, तुला माझ्या बहिणीकडे नेते." मीनलनं गाडी करून दिली.

सुमी आता सत्तरीत आहे. मालक गेले, मुलगा-सून शेजारीच राहतात, ही स्वतःची खोली सांभाळून असते. शेवंतीचा एक तुकडा तिनं एकटीनं उभा केलाय. गावात कुणाच्या विहिरीची मोटर बिघडली की हिला बोलावतात. आवाज ऐकून सांगते काय झालंय ते. पण घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघते आणि वर शेजारणीला म्हणते, "तू बघ गं एकदा, माझा काय भरवसा नाय." नातवंडं झाली तेव्हा एकालाही तिनं एकटीनं आंघोळ घातली नाही. "इसरले बिसरले तर?" म्हणायची. आणि तिच्या घरातली सगळी भांडी मांडणीवर उताणी असतात. धूळ बसते, सून कुरकुरते. मी स्वतः हसले आहे त्याला, एकदा नाही, अनेकदा. "वेंधळीच तू," म्हटलंय.

सईनं तिला सगळं सांगितलं. दोघींचं पाच मिनिटांत जमलं, दोघीही बसून बोलतच नव्हत्या, आत-बाहेर करत होत्या. सई म्हणाली, "सुमाआज्जी, तुम्हाला काय वाटतं? हा आजार आहे की स्वभाव?"

सुमी हसली. "भात्यावर होते तवर सोभाव होता. वर्गात गेले की आजार."

"मग दाखला काढू की नको?"

"येळ जास्तीचा देत्यात न्हवं? मग घे की! आन् कुणी वेंधळी म्हणालं तर त्याला तो कागद दाव. म्हणावं, बघ, ह्यात कुठं वेंधळी लिवलंय का." मग शेवंती खुडता खुडता थांबली. "आमच्या टायमाला कागद नव्हता. नुसतं म्हणायचे."

आणि मी तिथेच, शेवंतीच्या वाफ्यात उभ्याउभ्या सांगून टाकलं. कसं सांगायचं ह्याची मनात केलेली सगळी जुळवाजुळव गेली. "सुमे, ते पातेलं मी उपडं घातलं होतं. बाई येणार म्हणून. तू उताणंच ठेवलं होतंस."

तिला आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतेय. मग कळलं. फुलांची परडी तिनं खाली ठेवली.

"उताणं होतं?"

"हो."

"मी ठेवलं होतं?"

"तूच. मी जिन्यातून बघितलं होतं."

तिचे ओठ हलत होते, जणू काही मोजत होती. मग म्हणाली, "म्हंजे मला बरोबर आठवत होतं." थोड्या वेळानं परत तेच म्हणाली, "बरोबर आठवत होतं मला." आणि मग माझ्याकडे न बघता, "मला सांगितलंस, बरं केलंस. आता दादांना कोण सांगणार, अक्का?"

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच थांबवलं. "पुस्तक लिवतीस ना? त्यात घाल. माझ्या नावानिशी घाल." म्हणून हे प्रकरण. नाव तेच ठेवलंय.

चुलीवर चहाचं आधण केव्हाचं उकळत होतं. ती आत गेली. तीन कप आधीच मांडून ठेवलेले होते, तिनं दोन भरले. एक सईला दिला, एक स्वतः उभ्यानं प्यायली. सई माझ्याकडे बघत होती, मी मानेनंच तिला म्हटलं, पी. सईचा दाखला पुढे काढला, अर्जावर सईनंच सही केली, तो तिच्या दप्तरात असतो आणि आत्तापर्यंत दोनदा हरवून सापडलाय. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलंय ते निराळंच. आम्ही निघताना सुमीनं ते दोन्ही कप विसळले, मांडणीपाशी क्षणभर थांबली, आणि दोन्ही उपडे घातले. तिसऱ्याला तिनं हात लावला नाही. तो तसाच ओट्यावर राहिला, कोरडा, उताणा.